दाढेच्या मुळातील औषधे

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, उत्तरस्थानातील मुखरोगांच्या चिकित्सेत, कृमिदंताकरिता, म्हणजे किडलेल्या दातासाठी, जो उपचार सांगितला आहे, तो आजच्या दंतवैद्याने वाचला तर क्षणभर थबकावे असा आहे. दात हलत नसेल तर आधी शेक द्यावा, दूषित रक्त काढावे, दाताची पोकळी गुळाने किंवा मेणाने भरून तापलेल्या शलाकेने डागावी आणि मग सातवीण व रुई यांचा चीक तीत भरावा. इतके करूनही भागले नाही तर तो दात समूळ उपटावा, असा तो क्रम आहे. आतला रोगट भाग नष्ट करणे, पोकळीत जंतुघ्न द्रव्य घालणे, ती बुजवणे, आणि दात काढण्याचा मार्ग सर्वांत शेवटी धरणे, ही आज ज्याला आपण सर्रास ‘रूट कॅनाल’ म्हणतो त्या उपचाराची चार अंगे सुमारे तेराशे वर्षांपूर्वीच्या या ग्रंथात बीजरूपाने दिसतात. बीजरूपाने असे जाणूनबुजून म्हटले आहे, कारण दाताच्या मुळातून खाली उतरणारी केसासारखी बारीक नलिका, तिच्यातला जिवंत गर आणि त्या गराचे कुजणे यांचे ज्ञान वाग्भटाला होते असा दावा करणे म्हणजे त्याच्या खऱ्या कर्तृत्वाला खोट्या मोठेपणाने झाकणे होय.

मूळनलिकेच्या निर्जंतुकीकरणासाठी वनौषधी बऱ्या की प्रचलित रासायनिक द्रव्ये बरी, हा वाद अलीकडे दंतमहाविद्यालयांच्या प्रबंधांतून हिरिरीने मांडला जातो. त्यात एका बाजूस कडुनिंब, त्रिफळा, हळद, लवंग उभी केली जाते, दुसऱ्या बाजूस सोडियम हायपोक्लोराइट, कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि क्लोरहेक्सिडीन. परंतु या उपचाराचे जुने दफ्तर उलगडून पाहिले तर असे ध्यानात येते की हे दोन पक्ष कधीच इतके वेगळे नव्हते. औषधे या पेठेतून त्या पेठेत सारखी जात-येत राहिली, आणि ज्यांची मात्रा व शुद्धता मोजता आली तीच दाताच्या आत टिकली.

दातात किडा असतो ही समजूत बाबिलोनच्या मृत्तिकालेखांपासून आपल्या खेड्यापाड्यांपर्यंत सर्वत्र आढळते. महाराष्ट्रात भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्यांची धुरी नळीने किंवा चिलमीने दुखऱ्या दाढेला देण्याचा प्रघात होता, आणि धुरीनंतर किडे गळून पडले अशी जबानी देणारी माणसे गावोगाव भेटत. इंग्लंडातही हेच काम खुरासानी ओव्याच्या बियांच्या धुराने करीत, आणि उष्णतेने फुटलेल्या बीजांतून बाहेर पडणारे पांढरे अंकुर हेच ते ‘किडे’ असत, असा उलगडा तिथल्या चिकित्सकांनी केला. मात्र खुरासानी ओवा आणि रिंगणी या दोन्ही धुरींनी काही काळ ठणका थांबे हेही खरे, तेव्हा सगळा प्रकार थोतांड म्हणून झटकून टाकणे न्यायाचे नाही. १६८३ मध्ये लेवेनहुकने आपल्या दातांवरचे पांढरे किटण भिंगाखाली धरून त्यात वळवळणारे सूक्ष्म जीव पाहिले, आणि १७२८ मध्ये प्यारिसच्या प्येर फोशारने आपल्या दंतशस्त्रावरील ग्रंथात किड्यामुळे दात सडतो ही उपपत्ती अमान्य केली. याच फोशारने दाताच्या पोकळीत लवंगेच्या किंवा दालचिनीच्या तेलात भिजवलेला कापूस ठेवण्याचा, आणि आत पू साठला असेल तर गराची पोकळी उघडून त्याला वाट करून देण्याचा उपाय लिहून ठेवला आहे. म्हणजे पाश्चात्त्य दंतवैद्यकाच्या आद्य ग्रंथातच दाताच्या आत ठेवायचे औषध वनस्पतीजन्य आहे.

लवंगेचा विषय निघालाच आहे तर तिथे थोडे थांबणे भाग आहे. १५६३ मध्ये गोव्यात छापल्या गेलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने लवंगेसाठी स्वतंत्र संवाद राखून ठेवला होता. त्या वेळी लवंग मोलुक्का बेटांतून येई. पुढे एकोणिसाव्या शतकात जंगबार हे लवंगेचे आगर झाले आणि तिथला माल मुंबईच्या बाजारात इतका मुबलक येऊ लागला की १९३७ मध्ये जंगबारच्या सरकारने लवंगखरेदीचा मक्ता एका संघाकडे देऊन हिंदी व्यापाऱ्यांच्या पोटावर पाय आणला, तेव्हा काँग्रेसने जंगबारी लवंगेवर बहिष्कार पुकारला आणि पुढल्या वर्षी त्या सरकारला तडजोड करावी लागली. घरोघरी दाढेखाली धरली जाणारी ही लवंग दंतवैद्याच्या टेबलावर मात्र दुसऱ्याच रूपाने गेली. १८७० नंतरच्या दशकात जस्तभस्म आणि लवंगेचे तेल यांचा घट्ट लेप दातात भरण्याची रीत रूढ झाली. तेलातील युजेनॉल हे मुख्य द्रव्य जस्ताशी संयोग पावून दगडासारखे कठीण होते आणि थोडे मोकळे राहिलेले युजेनॉल वेदना शमवते. मूळनलिका शेवटी बंद करताना वापरल्या जाणाऱ्या लेपांत हे मिश्रण विसाव्या शतकभर राहिले. काचेच्या पट्टीवर पांढरी पूड आणि पिवळसर तेलाचे थेंब घेऊन लोखंडी सुरीने घोटताना, लेप सुरीवरून उचलल्यावर त्याचा न तुटता लांब धागा निघेपर्यंत घोटायचे, ही खूण दंतवैद्यकाचे विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या शिकत आले, आणि दवाखान्यात पाऊल टाकताच जो विशिष्ट वास रुग्णाला घाबरवी तो याच लेपाचा होता.

एकोणिसाव्या शतकातील इतर प्रमुख द्रव्यांचे कूळ शोधू गेल्यास तेही असेच अरण्यात जाऊन पोहोचते. राइशेनबाखने १८३२ च्या सुमारास बीच वृक्षाच्या लाकडाच्या डांबरातून क्रिओसोट वेगळे काढले, आणि ते लवकरच कुजक्या गराच्या पोकळीत घातले जाऊ लागले. वाल्कहॉफने १८९१ मध्ये क्लोरीनयुक्त फेनॉल कापरात विरघळवून जे औषध प्रचारात आणले, त्यात कापूर हा केवळ वासापुरता नव्हता. फेनॉलची दाहकता त्याच्यामुळे पुष्कळ कमी होई. नलिका भरण्यासाठी १८६७ पासून गुट्टापर्चाचा उपयोग होऊ लागला. हा मलाया द्वीपकल्पातील एका वृक्षाचा घट्ट झालेला चीक असून कंपनी सरकारच्या चाकरीतील माँटगोमेरी या शस्त्रवैद्याने सिंगापुराहून त्याचे नमुने १८४० नंतरच्या दशकात बाहेर पाठवले होते. पुढे समुद्राखालच्या तारांना वेष्टन म्हणून त्याला अपार मागणी आली. हा वृक्ष ज्या कुळातील आहे त्याच कुळात आपला मोह, चिकू आणि बकुळ येतात. हलणारे दात घट्ट व्हावेत म्हणून आपल्या वैद्यांनी बकुळीची साल चघळायला सांगावी आणि तिच्याच दूरच्या भावंडाच्या चिकाने जगभरच्या दातांची मुळे बुजवली जावीत, या योगायोगात मला वनस्पतिसृष्टीविषयी कृतज्ञतेचे एक कारण सापडते. आजही हायपोक्लोराइटाने धुतलेली नलिका बहुधा गुट्टापर्चानेच भरली जाते, आणि तरीही तिला कोणी ‘वनौषधी उपचार’ म्हणत नाही.

औषधांच्या निवडीला शास्त्राचा पाया मिळाला तो मिलर या अमेरिकन दंतवैद्यामुळे. बर्लिनला जंतुशास्त्रज्ञ कॉखच्या प्रयोगशाळेत काम करून त्याने १८९० मध्ये मुखातील सूक्ष्म जंतूंवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १८९४ मध्ये मेलेल्या गरात जंतू असतात हे दाखवून दिले. पण जंतू आहेत हे कळले तरी ते कोठकोठे दडून बसतात हे कळायला आणखी काळ जावा लागला. झुरिकच्या वाल्टर हेसने काढलेल्या दातांच्या नलिकांत पातळ रबर दाबून भरले, ते कठीण होऊ दिले आणि नंतर दात आम्लात विरघळवून टाकला. हाती उरला तो नलिकेचा रबरी साचा, आणि त्यात एका सरळ नळीच्या जागी फाटे, उपफाटे, दोन मुळ्यांना जोडणारे पडदे आणि टोकाशी झाडाच्या मुळ्यांसारखे पसरलेले तंतू दिसले. १९२५ मध्ये हे काम इंग्रजीत आले. या साच्यांकडे जो एकदा नीट पाहील, त्याला दाढेत औषधाचा बोळा ठेवला की काम झाले असे पुन्हा म्हणवणार नाही. पोलादी सुईला जिथे वळता येत नाही तिथे औषध पोहोचावे लागते, आणि तेही अशा ठिकाणी जिथे रक्ताभिसरण संपलेले असल्यामुळे शरीराची स्वतःची संरक्षक शक्ती कामास येत नाही.

दरम्यान या उपचारावर मोठे अरिष्ट कोसळले होते. लंडनच्या विल्यम हंटर या वैद्याने १९१० मध्ये माँट्रियलला दिलेल्या व्याख्यानात, पू साठलेल्या मुळांवर सोन्याची कामे चढवणाऱ्या दंतवैद्यांवर कडक टीका केली आणि संधिवातापासून पांडुरोगापर्यंत अनेक विकारांचे मूळ मुखातील पूयदोषात असल्याचे प्रतिपादन केले. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत अमेरिकेत व युरोपात असंख्य दात केवळ संशयापोटी उपटले गेले. जे थोडे दंतवैद्य दात राखण्याच्या पक्षात उभे राहिले, त्यांना नलिकेत जंतू उरले नाहीत हे संवर्धन करून, क्ष-किरणांचे चित्र दाखवून सिद्ध करावे लागले. त्या सक्तीने उपचाराला शिस्त लागली असे माझे मत आहे. संशयाचा जाच नसता तर कदाचित कापसाचा बोळा आणि वैद्याचा शब्द एवढ्यावरच हे शास्त्र रेंगाळले असते.

शिस्तीच्या त्या काळात दोन द्रव्ये पुढे आली आणि ती आजतागायत अग्रस्थानी आहेत. पहिले सोडियम हायपोक्लोराइट. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, फ्रान्सच्या आघाडीवरील जखमा धुण्यासाठी डेकिन या रसायनज्ञाने त्याचा अर्धा टक्का तीव्रतेचा द्राव निश्चित केला, आणि अलेक्सी कॅरेलने तो जखमांत थेंबाथेंबाने पोहोचवण्याची पद्धत बसवली. दंतवैद्यकात तो हळूहळू रुजला. फिलाडेल्फियाच्या ग्रॉसमनने १९४१ मध्ये आपल्या सहकाऱ्यासह दाखवून दिले की क्लोरीनयुक्त द्राव दाताचा गर अक्षरशः विरघळवतो. हा गुण निर्णायक ठरला, कारण कुजका गर हेच जंतूंचे अन्न व आश्रयस्थान असते आणि केवळ जंतू मारणारे औषध तो गर जागच्या जागी ठेवून देते. याची किंमतही आहे: मुळाच्या टोकापलीकडे हा द्राव गेला तर क्षणार्धात असह्य वेदना होतात व चेहरा सुजतो, डेंटिनमधील, म्हणजे दाताच्या कठीण गाभ्यातील, कोलॅजेन हे प्रथिन काही अंशी झिजते, चव आणि वास तर कोणालाच आवडत नाही. म्हणूनच रबराचा पडदा लावून दात तोंडापासून वेगळा केल्याशिवाय तो वापरू नये असा शिरस्ता पडला. तो पडदा १८६४ मध्ये बार्नमने शोधला होता.

दुसरे द्रव्य कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरवलेला चुना. जर्मनीत हेर्मानने १९२० च्या सुमारास तो दंतमुळात वापरण्यास आरंभ केला. आपल्या पानाच्या डब्यातील चुनाळ्यात जो असतो तोच रासायनिक पदार्थ, फक्त शुद्ध केलेला, निर्भेळ पाण्यात कालवलेला आणि क्ष-किरणचित्रात दिसावा म्हणून बेरियमसारखी भर घातलेला, असा तो लेप नलिकेत भरून एक-दोन आठवडे ठेवतात. त्याच्या तीव्र क्षारतेमुळे, जिचा सामू (pH) साडेबाराच्या आसपास असतो, बहुतेक जंतूंची बाह्यत्वचा टिकत नाही. स्वीडनमध्ये बिस्ट्रोम आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये प्रत्यक्ष रुग्णांच्या दातांवर त्याची तुलना वाल्कहॉफच्या कापूरयुक्त औषधाशी व कापूरमिश्रित फेनॉलशी केली: चुन्याने भरलेल्या ३५ नलिकांपैकी ३४ जंतुरहित आढळल्या, तर फेनॉलच्या गटातील सुमारे तिसऱ्या हिश्श्यात जंतू उरले होते. कापूर, क्रिओसोट, फॉर्मोक्रेसॉल यांची सद्दी या निकालानंतर ओसरत गेली, आणि फॉर्मोक्रेसॉलमधील फॉर्माल्डिहाइड कर्ककारक असल्याचे ठरल्यावर तर त्याच्या बाजूने बोलणारे थोडेच उरले.

प्रतिजैविकांचा अध्याय त्या मानाने त्रोटक आहे. ग्रॉसमनने १९५१ मध्ये पेनिसिलीन, बॅसिट्रॅसिन, स्ट्रेप्टोमायसीन यांचा लेप सुचवला, पण ॲलर्जी आणि प्रतिकारक जंतू यांनी त्याचा पाठलाग केला. १९९६ मध्ये जपानच्या होशिनो यांनी मेट्रोनिडाझोल, सिप्रोफ्लोक्सॅसिन आणि मिनोसायक्लीन यांच्या त्रिकूटाचे सामर्थ्य सिद्ध केले, तेव्हा त्यातील मिनोसायक्लीनमुळे दात काळवंडतो ही अडचण पुढे आली. आणि एंटरोकोकस फेकॅलिस नावाचा जंतू तर अन्नावाचून महिनोन्‌महिने तग धरतो, डेंटिनच्या सूक्ष्म नळ्यांत शिरून बसतो आणि चुन्याची क्षारता डेंटिनने थोडी मवाळ केली की पुन्हा डोके वर काढतो. वनौषधींकडे संशोधकांची दृष्टी पुन्हा वळली ती मुख्यत्वे या जंतूमुळे.

या वळणावर आपल्या देशाचा संबंध प्रत्यक्ष येतो. मुंबईत औषधी भांडाराचा कारभार पाहणाऱ्या विल्यम डायमॉकने १८९० च्या सुमारास सहकाऱ्यांसह हिंदी वनौषधींचा मोठा कोश सिद्ध केला, डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘औषधीसंग्रह’ १९२७ मध्ये मराठीत आला. रामनाथ चोप्रा यांचा देशी औषधांवरील ग्रंथ १९३३ मध्ये निघाला. आणि सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी १९४२ मध्ये कडुनिंबाच्या तेलातून निंबिन व निंबिडिन ही घटकद्रव्ये वेगळी केली. दंतशिक्षणाची संस्था म्हणावी तर डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यास पहिले महाविद्यालय काढले आणि मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ पासून चालू झाले. वनस्पतींचा तपशील जमवणारे आणि दात शिकवणारे हे दोन्ही प्रवाह एकाच काळात वाहत होते, पण एकमेकांना मिळाले ते फार उशिरा, एकविसाव्या शतकात, याची मला मनस्वी हळहळ वाटते.

२००८ मध्ये अमेरिकेत बारतोंडीच्या, म्हणजे तांबड्या रंगासाठी आपल्याकडे ज्याची मुळे वापरत त्या आलाच्या जातीतल्या फळाच्या रसाने, नलिकेच्या भिंतीवरचा चिकट थर काढण्यात हायपोक्लोराइटाशी बरोबरी केल्याचे निदर्शनास आले. मात्र दोन्हींच्या मागोमाग ईडीटीए हे रसायन वापरावे लागले होते. २०१० मध्ये भारतात त्रिफळा, हिरव्या चहाची पॉलिफेनॉल द्रव्ये, एक प्रतिजैविकमिश्रित द्राव आणि पाच टक्के हायपोक्लोराइट यांची, दातावर वाढवलेल्या एंटरोकोकसच्या थरावर कसोटी घेतली गेली. सर्वांत प्रभावी हायपोक्लोराइटच ठरले, पण त्रिफळ्याचे आणि चहाचे सामर्थ्यही नोंद घेण्याजोगे होते.

त्रिफळ्यातला हिरडा पाहावा म्हणजे या निकालाचे कारण उमगते. भीमाशंकर, जुन्नर, आंबेगाव, महाबळेश्वर या सह्याद्रीच्या पट्ट्यात महादेव कोळी व इतर वनवासी लोक कोवळी, गळालेली फळे वेचून, वाळवून ज्याला बाळहिरडा म्हणतात तो आजही विकतात, आणि पक्व हिरडा मुंबई बंदरातून विलायतेस जाई तो औषधासाठी नसून कातडी कमावण्यासाठी. एक काळे, सुरकुतलेले, करंगळीच्या पेराएवढे फळ दाताखाली धरावे. पहिल्या चाव्यातच जीभ आवळते, गाल आत ओढले जातात. ते टॅनिन. टॅनिन प्रथिनांना घट्ट बांधते. त्यानेच कातडे टिकाऊ होते आणि त्यानेच जंतूंची प्रथिने निकामी होतात. पण याच कारणाने टॅनिन कुजका गर विरघळवू शकत नाही, उलट थिजवते. हायपोक्लोराइटाचे काम विरघळवण्याचे, हिरड्याचे काम बांधण्याचे. एक डेंटिनचे कोलॅजेन खातो, दुसरा त्याला बळकटी देऊ शकतो. तेव्हा या दोघांना एकाच जागेसाठी झगडायला लावणे मला अयोग्य वाटते. आधी विरघळवून मग बांधणे असा क्रम लावून पाहणे हे अधिक शहाणपणाचे आहे, अर्थात मधल्या पाण्याच्या धावनाने पहिल्याचा अंश पूर्ण काढून, कारण भलत्या दोन द्रव्यांचा संयोग दातात काय उत्पात करतो हे हायपोक्लोराइट आणि क्लोरहेक्सिडीन एकत्र आल्यावर बसणाऱ्या नारिंगी-तपकिरी साक्याने दंतवैद्यांना चांगलेच शिकवले आहे.

वनौषधींच्या बाजूने येणाऱ्या पुराव्यातील सर्वांत दुबळा भाग म्हणजे काचेच्या तबकडीतील प्रयोग. आगरच्या थरात जंतू पेरून मध्ये औषधाचा थेंब ठेवायचा आणि भोवती किती रुंद स्वच्छ वलय पडते ते पट्टीने मोजायचे, ही रीत स्वस्त व सोपी असल्याने प्रबंधांत मुबलक आढळते. पण वलयाची रुंदी द्रव्य आगरमधून किती सहज पसरते यावर अवलंबून असते. चुना फारसा विरघळत नाही, म्हणून तिथे तो हरतो, आणि मद्यार्कात काढलेला निंबाचा अर्क जिंकतो. दाताच्या नलिकेत आगर नसते. तिथे डेंटिन असते, पू असतो, आठवडेच्या आठवडे मुरलेला जंतूंचा चिवट थर असतो, आणि हेसच्या साच्यांतले ते फाटे असतात. दुसरी उणीव अर्काची. कोणत्या ऋतूत तोडलेली पाने, सावलीत वाळवली की उन्हात, पाण्यात काढा की मद्यार्कात अर्क, त्यात मुख्य घटक शेकडा किती, हे न सांगता केवळ ‘कडुनिंब’ असे लिहिणे म्हणजे डेकिनने आपल्या द्रावाची तीव्रता न सांगण्यासारखे आहे. आणि त्या अर्ध्या टक्क्याच्या आकड्यावरच तर त्याचे सगळे यश उभे होते.

आज एखाद्या रुग्णाची मृत गराची दाढ समोर असेल तर हायपोक्लोराइटाचे धावन, दोन भेटींच्या मध्ये चुन्याचा लेप आणि शेवटी गुट्टापर्चा, हाच मार्ग प्रामाणिक दंतवैद्याने धरावा, असे मी निःशंकपणे म्हणेन. पण जुन्नरच्या बाजारात पोत्यांनी उतरणारा बाळहिरडा, त्यातील टॅनिनचे प्रमाण ठरवून, काढलेल्या दातांवर नव्हे तर बिस्ट्रोमप्रमाणे माणसांच्या दातांत, ३०-३५ नलिका एका गटात घेऊन, वर्षभराने मुळाच्या टोकाचे हाड भरून आले की नाही याची क्ष-किरणचित्रे लावून तपासला जावा, आणि हे काम पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांनीच करावे. कारण हिरड्याचे झाड, ते ओळखणारा वनवासी, टॅनिन मोजणारी प्रयोगशाळा आणि उपचाराच्या प्रतीक्षेत बसलेला रुग्ण हे सारे या एकाच पट्ट्यात, एका दिवसाच्या अंतरावर आहेत.